प्रकल्प मुलांचा कीं पालकांचा?

महाराष्ट्रांतील बहुतेक प्राथमिक शाळा जून महिन्याच्या मध्यास उघडतात. तेव्हांपासून पुढल्या उन्हाळ्यापर्यंत एकेका वर्गाकडून जे उपक्रम करवून घेतले जातात, त्यांची नुसती यादी केली तरी वाचकांस अचंबा वाटेल. पहिल्या दिवशीं प्रवेशोत्सव, आषाढांत लहानग्यांची दिंडी, श्रावणांत राख्या, १५ ऑगस्टला प्रभातफेरी, भाद्रपदांत शाडूचे गणपति, नवरात्रांत भोंडला, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, दिवाळींत मातीचे किल्ले, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन व लगेच दुसऱ्या दिवशीं विज्ञान दिन, मध्यंतरीं क्षेत्रभेट, वनभोजन, बालबाजार व स्नेहसंमेलन, आणि या सर्वांच्या जोडीला विषयवार म्हणून एकेक ‘प्रकल्प’. पाढे, शुद्धलेखन व छडी यांतच ज्यांचें बाळपण गेलें, त्या पिढीस हा पालट सुखाचा वाटावा हें स्वाभाविक आहे. आणि तो सुखाचा आहेच. परंतु चांगल्या गोष्टीच्या नांवाखालीं वाईट गोष्ट घरांत शिरली म्हणजे ती ओळखण्यास वेळ लागतो. आमच्या शाळांतील प्रकल्पांचें आज नेमकें हेंच झालें आहे, आणि तें स्पष्ट शब्दांत सांगण्याची वेळ आली आहे.

या प्रकल्पांपैकीं पुष्कळसे प्रकल्प मुलांनीं केलेलेच नसतात. शाळेंतून चिठ्ठी येते कीं अमक्या दिवशीं ‘वाहतुकीचीं साधनें’ किंवा ‘जलचक्र’ या विषयावर प्रकल्प आणावा. मग आदल्या रात्रीं वडील पुठ्ठा कापतात, आई रंग देते, थोरली बहीण इंटरनेटवरून मजकूर उतरवून घेते, आणि ज्याच्या नांवानें हें सारें चाललें आहे तो चिरंजीव शेजारच्या खोलींत गाढ झोंपलेला असतो. ज्यांस एवढीही सवड नाहीं ते पेठेंतील दुकानांत जातात. तेथें छापील तक्ते, कापून ठेवलेलीं चित्रें, फार काय तयार केलेल्या प्रतिकृतीसुद्धां मिळतात. सकाळीं मूल ती वस्तु दोन्ही हातांनीं जपून शाळेंत नेतें, बाई तिच्यावर शेरा देतात, ती कपाटावर चढते आणि वर्षअखेर रद्दींत जाते. पालकांस सत्य ठाऊक असतें, शिक्षकांस ठाऊक असतें, आणि सर्वांत वाईट म्हणजे मुलासही तें ठाऊक असतें. दुसऱ्याचें काम आपल्या नांवावर खपवितां येतें व त्याबद्दल शाबासकीही मिळते, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नाहीं. पण वयाच्या आठव्या वर्षीं तो आम्ही मुलांस पक्का करून देत आहों. कोर्टांत असा दस्तऐवज पुढें आला तर त्यास बनावट म्हणतात. शाळेंत त्यास ‘उत्कृष्ट’ म्हणतात. एवढाच काय तो फरक.

यांत जो अन्याय दडलेला आहे तो याहूनही मोठा आहे. प्रकल्प घरीं करावयाचा म्हटला म्हणजे ती परीक्षा मुलाची न राहतां त्याच्या घराची होते. ज्याचे वडील कचेरींत कारकून आहेत, घरांत संगणक आहे, त्याचा प्रकल्प चकचकीत होतो. ज्याची आई पहांटे धुण्याभांड्यांस बाहेर पडते व बाप हमाली करून रात्रीं परततो, तो मुलगा एक चुरगळलेला कागद घेऊन येतो, किंवा कांहींच न आणतां मागच्या बाकावर मान खालीं घालून बसतो. त्या मुलाची बुद्धि कमी नसते. त्याच्या घरीं पुठ्ठा विकत घेण्यास पैसे नसतात, इतकेंच. शिक्षण मोफत आहे असें कायदा सांगतो. मग त्याच शिक्षणाचा एक भाग दुकानांतून विकत आणावा लागत असेल, तर त्या भागापुरता तो कायदा कागदावरच राहिला, असें म्हणणें भाग आहे.

या ठिकाणीं कोणी असा निष्कर्ष काढील कीं, हें थोतांडच बंद करा आणि मुलांस पुन्हां पाढे घोकावयास बसवा. आमचा अभिप्राय याच्या अगदीं उलट आहे. हातानें काम करून शिकावें हा विचार उसना नाहीं व उथळही नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळेंत मोडी व बालबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्या जोडीला शेतकीचें मूलज्ञान व आरोग्याचे धडे असावे, अशी मागणी होती. अमेरिकेंत जॉन ड्यूई यांनीं १८९६ सालीं शिकागो येथें आपली प्रयोगशाळा-शाळा काढली व किलपॅट्रिक यांनीं १९१८ सालीं ‘प्रकल्प-पद्धति’ हें नांव रूढ केलें, हें खरें; पण आमच्याकडे त्या विचारास देशाच्या गरजेचा आकार मिळाला तो वर्धा येथें. ऑक्टोबर १९३७ मध्यें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं तेथें शिक्षण-परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें सात वर्षांच्या सक्तीच्या, मोफत, मातृभाषेंतील व उद्योगकेंद्रित शिक्षणाची योजना आंखली. आणि १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसनें तीस मान्यता दिली. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें व अनुताई वाघ यांच्यासह तें पुढें कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेलें. शंख-शिंपले, बिया, पानें, माती असलें फुकटचें साहित्य हेंच तेथील शिक्षणाचें भांडवल होतें. खऱ्या उपक्रमास दुकानाची जरूर लागत नाहीं, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा?

झाकीर हुसेन समितीच्या अहवालांतील एक इशारा आज मुद्दाम आठवण्यासारखा आहे. मुलांनीं काढलेल्या सुताच्या उत्पन्नांतून शाळेचा खर्च भागावा, अशी त्या योजनेंत अपेक्षा होती. त्यावर कडक टीकाही झाली. परंतु उत्पन्नावर भर देण्याच्या नादांत शिक्षणाचा हेतु मागें पडण्याचा धोका आहे, हें त्या समितीनें आपल्या अहवालांत स्वतःच बजावून ठेविलें होतें. तेव्हां भय होतें तें उत्पन्नाचें. आज भय आहे तें गुणांचें व देखाव्याचें. शासनानें २०१० सालीं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धति सुरू केली आणि आकारिक मूल्यमापनाचीं जीं साधनें ठरविलीं, त्यांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम यांच्या बरोबरीनें ‘प्रकल्प’ हेंही एक साधन घातलें. हेतु चांगला होता. पण प्रकल्पास गुण चिकटले आणि गुणांस पालक चिकटले! तकलीवरचें सूत निदान मुलाच्या हातचें तरी असे. आजचा पुठ्ठा तेवढाही मुलाचा राहिला नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं प्राथमिक शिक्षणाचें विधेयक वरिष्ठ कायदेमंडळांत आणलें, तें १९१२ सालीं नामंजूर झालें. बडोद्यास सयाजीरावांनीं १९०६ सालीं व कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं जें करून दाखविलें, तें अखिल भारतास मूलभूत हक्क म्हणून मिळण्यास २००२ सालची ८६ वी घटनादुरुस्ती व २००९ सालचा शिक्षणहक्क कायदा यांची वाट पाहावी लागली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या २९ व्या कलमांत असें सांगितलें आहे कीं, मुलांचें शिकणें हें कृति, शोध व अन्वेषण यांच्या द्वारा, बालकेंद्रित रीतीनें व्हावें. मूल भय व चिंता यांपासून मुक्त असावें. आणि शक्य तोंवर शिक्षण मातृभाषेंतून असावें. तेव्हां उपक्रम हा शाळेच्या मर्जीचा अलंकार नव्हे. तो मुलाच्या हक्काचा भाग आहे. परंतु त्या कलमांतील प्रत्येक शब्दाचा कर्ता मूल आहे. शोध मुलानें घ्यावयाचा आहे; त्याचें कुलमुखत्यारपत्र बापास दिलेलें नाहीं.

मग खरा उपक्रम कसा असतो? चौथीच्या वर्गाचें उदाहरण घेऊं. शाळा उघडते तीच पावसाच्या तोंडावर. सरळ कडांची, सपाट बुडाची एक रिकामी बाटली घ्यावी, तिचा वरचा भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा, बाहेरून मोजपट्टी चिकटवावी आणि ती मैदानांत उघड्यावर, वाऱ्यानें पडणार नाहीं अशी ठेवावी. झालें पर्जन्यमापक! रोज सकाळीं ठराविक वेळीं एका मुलानें किंवा मुलीनें पाणी किती मिलिमीटर साचलें तें पाहून भिंतीवरच्या तक्त्यांत लिहावें आणि बाटली रिकामी करावी. पाळी रोज बदलावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे तें पाणी बरोबर एक लिटर भरतें, एवढी एक गोष्ट गुरुजींनीं सांगितली कीं पुढचें काम मुलेंच करतील. शाळेचें छप्पर पंधरा मीटर लांब व सहा मीटर रुंद असेल, तर तें ९० चौरस मीटर झालें. एके रात्रीं २० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या छपरावरून १,८०० लिटर पाणी वाहून गेलें. आणि पंधरा लिटरांची एक घागर धरली, तर एकट्या त्या रात्रींत १२० घागरी पाणी गटारांत गेलें. ज्या गांवीं मुलींस उन्हाळ्यांत पाण्यासाठीं रानोमाळ हिंडावें लागतें, तेथील मुलगी हा हिशेब एकदां मांडील तर तो जन्मभर विसरणार नाहीं. त्यांत गुणाकार आला, क्षेत्रफळ आलें, आलेख आला, भूगोल आला, आणि आपल्या गांवाचें दुःख कशांत आहे याची जाणीवही आली. खर्च? एक रिकामी बाटली.

दुसरें उदाहरण पेठेचें, म्हणजे आमच्या व्यापारी वाचकांचें. भारतांत दशमान नाणीं १ एप्रिल १९५७ रोजीं आलीं व वजनमापांचा दशमान कायदा १९५६ सालीं झाला. घरांतील वडीलधाऱ्यांस अद्याप शेर, पायली, आणा हे शब्द ठाऊक असतात. मुलांनीं आजी-आजोबांस विचारून यावें: दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा आण्यांचा रुपया. मग गुरुजींनीं वर्गास किराणा दुकानांत न्यावें. तेथें तराजू, वजनें, त्यांवरील सरकारी शिक्का व पुडक्यावर छापलेलें वजन आणि किंमत मुलांनीं स्वतः पाहावीं, आणि तो शिक्का कशासाठीं असतो तें दुकानदाराच्याच तोंडून ऐकावें. शाळेंत जो बालबाजार भरतो त्यासही यानें अर्थ येईल. आज बहुधा आया भेळ करून देतात, मुलें ती विकतात, गल्ला मोजतात आणि सगळाच नफा झाला असें समजून टाळ्या पिटतात! वास्तविक भांडवल किती, माल कितीचा, उरलेला फुकट किती गेला, आईच्या श्रमाची किंमत काय, हें मांडल्यावांचून नफा हा शब्दच उच्चारूं नये. ज्या मुलास हा हिशेब दहाव्या वर्षीं कळला, त्यास पुढें कोणी सावकार किंवा भामटा सहजीं फसवूं शकणार नाहीं.

येथें सुधारणेची एक गोष्ट आम्हांस निक्षून सांगावयाची आहे. उपक्रमांत कामाची वांटणी कशी होते याकडे डोळे उघडे ठेवून पाहा. रांगोळी व झाडलोट मुलींकडे, मोजमाप व भाषण मुलांकडे. वनभोजनाच्या दिवशीं स्वयंपाकास अमक्या घरचीं, सफाईस तमक्या घरचीं. असें जेथें होत असेल, तेथें तो उपक्रम नव्हे. तो जातिभेदाचा व स्त्रीपुरुषभेदाचा सराव आहे. परसबागेंत कुदळ सर्वांनीं धरावी, केर सर्वांनीं काढावा, पळी सर्वांच्या हातीं यावी, आणि वहींतील नोंदही सर्वांनीं करावी. पुस्तकांतील समतेच्या धड्यापेक्षां ही पाळी अधिक काम करील.

या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, मुलांस धड वाचतां येत नाहीं तेथें हीं सोंगें कशाला? आक्षेप क्षुल्लक नाहीं. ‘असर’ या नांवानें जी ग्रामीण पाहणी होते, तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें भारताच्या खेड्यांतील पांचवीच्या मुलांपैकीं दुसरीच्या पुस्तकांतील मजकूर वाचूं शकणारीं मुलें निम्म्याहून थोडीं कमीच आहेत. ही स्थिति लाजिरवाणी आहे. परंतु तीवर उपाय उपक्रम टाकून देणें हा नव्हे. उपक्रमांत वाचन-लेखन आणणें हा आहे. पावसाची नोंद रोज एक वाक्य लिहून करावयाची, दुकानांतील फलक वाचावयाचे, आजोबांनीं सांगितलेलें चार ओळींत उतरावयाचें; वाचण्याची गरज निर्माण झाली म्हणजे वाचन येतें. घोकंपट्टीनें जें साधावयाचें होतें तें साधलें असतें, तर हे आंकडे आज पाहावे लागले नसते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो अधिक खरा आहे. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे खेड्यांतील गुरुजींपुढें एकाच वेळीं दोन किंवा अधिक इयत्ता बसलेल्या असतात. वर्षाचे कामाचे दिवस २०० व अध्यापनाचे तास ८००. त्यांतून जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण हीं कामें २७ व्या कलमानें त्यांच्यावर टाकलीं आहेत. यांत भर पडते ती माहितीच्या रकान्यांची व छायाचित्रांची. झाड लावलें याचें छायाचित्र पाठवा, दिन साजरा झाला याचें पाठवा. मग झाड जगो कीं मरो! छायाचित्रासाठीं उपक्रम करावयाचा ठरला म्हणजे उपक्रमाचा आत्मा निघून जातो व सांगाडा तेवढा उरतो. शिक्षकांवर खापर फोडून मोकळें होणाऱ्यांनीं आधीं त्यांच्या डोक्यावरील हें ओझें मोजावें. वर्षांतून वीस दिन साजरे करण्यापेक्षां दोन सत्रांत दोन उपक्रम शेवटास नेणें श्रेयस्कर, असा स्पष्ट हुकूम शिक्षणखात्यानें काढला, तर निम्मा रोग बरा होईल.

उरलेला निम्मा रोग मात्र आपल्या, म्हणजे नागरिकांच्या, हातांत आहे. प्रकल्प शाळेंतच, शाळेच्या वेळेंतच व्हावा. घरीं पाठविण्याचा परिपाठ सरसकट बंद करावा. विकत आणलेली वस्तु नम्रपणें पण ठामपणें परत करावी. गुण द्यावयाचेच तर ते वस्तूस न देतां मुलास द्यावे; आणि त्याची सोपी तऱ्हा म्हणजे उलटतपासणी. हें तूं कसें केलेंस, कोठें चुकलास, पुन्हां करावयाचें झालें तर काय बदलशील, हे तीन प्रश्न प्रेमानें विचारले कीं खरें-खोटें आपोआप निवडतें. कायद्याच्या २१ व्या कलमानें सरकारी व अनुदानित शाळांत जी व्यवस्थापन समिति नेमावयाची, तींत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात. या समितीच्या बैठका नुसत्या सह्यांपुरत्या न होतां, वर्षाच्या आरंभीं ‘यंदा आमचा वर्ग कोणते दोन उपक्रम करणार’ हा प्रश्न तेथें विचारला गेला पाहिजे. व्यापारी बंधूंस आमची दुहेरी विनंती आहे: तयार प्रकल्पांचा माल दुकानांत ठेवूं नका, आणि वर्षांतून एक दिवस, एक तास, शेजारच्या शाळेच्या मुलांस आपल्या दुकानांत, गिरणींत, कारखान्यांत येऊं द्या. पहिल्यानें चार रुपयांचा तोटा होईल खरा. पण दुसऱ्यानें जो नफा होईल तो साऱ्या गांवाचा असेल.

पालकांस शेवटचें एकच सांगणें आहे. मुलाच्या हातची वांकडी रेघ पाहून लाज वाटूं देऊं नका; ती त्याची स्वतःची आहे हीच तिची किंमत. जें राष्ट्र आपल्या मुलांस चुकूं देत नाहीं, त्या राष्ट्रांत पुढें चुका दुरुस्त करणारीं माणसें निपजत नाहींत. दुसऱ्यानें केलेल्या कामावर आपलें नांव घालणारीं मात्र पुष्कळ निपजतात. तसलीं माणसें कचेऱ्यांत, नगरपालिकांत व सभागृहांत आम्हीं कमी पाहिलेलीं नाहींत. त्यांच्या संख्येंत भर घालण्याचें काम निदान प्राथमिक शाळेंत तरी होऊं नये.